जुन्या पिकअप ट्रकमध्ये इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवणे : पॉइंट काढण्याआधी काय मोजावे

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :

१. कॉन्टॅक्ट पॉइंट असलेल्या इग्निशनचे कार्य विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या आधारे स्पष्ट करणे.
२. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा इंजिनच्या वेगाबरोबर कशी बदलते याचे गणित करणे.
३. इलेक्ट्रॉनिक किट बसवण्यापूर्वी कोणती मोजमापे घ्यावीत आणि ती का घ्यावीत हे सांगणे.
४. किट बसवल्यावर येणाऱ्या नेहमीच्या बिघाडांचे कारण परिपथावरून शोधणे.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रांनो, आपल्याकडे ‘ट्रक’ म्हटले की डिझेल इंजिन डोळ्यासमोर येते. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटते, त्यामुळे तिथे ठिणगीचा प्रश्न येत नाही. अमेरिकेत मात्र पिकअपलाही ट्रकच म्हणतात आणि तिथल्या जुन्या पिकअप बहुतांशी पेट्रोलवर चालतात. या पाठासाठी आपण अशीच एक गाडी घेऊ : १९७२ सालची फोर्ड एफ-१००. तिच्यात एका रांगेत सहा सिलिंडर असलेले ३०० घन इंचांचे, म्हणजे ४.९ लिटरचे इंजिन आहे. हे इंजिन फोर्डने १९६५ पासून वापरात आणले. ते साधे आहे, त्याचा डिस्ट्रिब्यूटर सहज हाताशी येतो आणि त्याच्यासाठी तयार किट मिळतात, म्हणून अभ्यासाला ते सोयीचे आहे.

आता पुढील प्रसंगाचा विचार करा. मालकाने जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवले. स्टार्टर फिरवताच इंजिन लगेच पेटते, पण किल्ली ‘स्टार्ट’वरून ‘रन’वर येताच ते अडखळते आणि कधी कधी बंद पडते. मालक किट सदोष समजून परत करतो आणि दुसरे आणतो. त्याचीही तीच गत होते. मग तो कॉइल बदलतो, प्लग बदलतो. पैसे जातात, दोष मात्र जिथल्या तिथे राहतो.

या प्रसंगात किटमध्ये काहीही दोष नाही. दोष कुठे आहे ते आपण पाठाच्या ओघात शोधून काढू. त्यासाठी आधी जुनी प्रणाली नीट समजून घेतली पाहिजे.

२. पॉइंट इग्निशन कसे काम करते

ही प्रणाली अमेरिकन अभियंता चार्ल्स केटरिंग यांच्या नावाने ‘केटरिंग इग्निशन’ म्हणून ओळखली जाते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून १९७० च्या दशकापर्यंत जगभरातील बहुतेक पेट्रोल गाड्या तिच्यावरच धावल्या. आपल्याकडची अ‍ॅम्बॅसडर, प्रीमियर पद्मिनी आणि पेट्रोलवरची जुनी जीप यांच्यातही हेच तत्त्व आहे.

तिचे मुख्य भाग असे :

- बॅटरी : १२ व्होल्ट. फोर्डच्या पिकअपमध्ये १९५६ पासून १२ व्होल्ट आणि ऋण टोक बॉडीला, ही रचना आहे.
- कॉइल : एकाच लोखंडी गाभ्यावर दोन गुंडाळ्या. प्राथमिक गुंडाळीत जाड तारेचे थोडे वेढे असतात, तर दुय्यम गुंडाळीत बारीक तारेचे सुमारे शंभरपट वेढे असतात.
- कॉन्टॅक्ट पॉइंट : डिस्ट्रिब्यूटरमधील कॅमने उघड-बंद होणारा छोटा स्विच.
- कंडेन्सर : पॉइंटला समांतर जोडलेला. याची धारिता साधारण ०.२ ते ०.३ मायक्रोफॅरड असते.
- रोटर आणि कॅप : तयार झालेला उच्च दाब योग्य सिलिंडरच्या प्लगकडे पाठवणारे भाग.

पॉइंट बंद असतात तेव्हा प्राथमिक गुंडाळीतून धारा वाहते आणि गाभ्यात चुंबकीय क्षेत्र तयार होते. कॅमचा उंचवटा आला की पॉइंट उघडतात आणि धारा एकाएकी तुटते. चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि प्राथमिक गुंडाळीतच काहीशे व्होल्ट निर्माण होतात. दुय्यम गुंडाळीत त्याच्या सुमारे शंभरपट, म्हणजे वीस-तीस हजार व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो. प्लगच्या फटीतून ठिणगी पडते ती या दाबामुळे.

इथे एक गोष्ट मनावर ठसवून घ्या. ठिणगी पॉइंट बंद होताना पडत नाही, उघडताना पडते. पॉइंट बंद असतानाचा काळ हा ऊर्जा साठवण्याचा काळ असतो. या काळात डिस्ट्रिब्यूटरचा शाफ्ट जितक्या अंशांतून फिरतो, त्याला ‘ड्वेल’ म्हणतात. सहा सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक ठिणगीच्या वाट्याला ३६० ÷ ६ = ६० अंश येतात. आपल्या इंजिनात त्यापैकी साधारण ३७ ते ४२ अंश पॉइंट बंद असावे लागतात.

कंडेन्सरचे काम पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पॉइंट उघडू लागतात तेव्हा त्यांच्यातील फट अगदी सूक्ष्म असते. कंडेन्सर नसेल तर धारा त्या फटीतूनच ठिणगीच्या रूपाने वाहत राहील. त्यामुळे पॉइंट जळतील आणि क्षेत्रही हळूहळू कोसळेल. कंडेन्सर तेवढ्या क्षणापुरती धारा स्वतःकडे घेतो आणि पॉइंटना पुरेसे लांब जायला वेळ देतो.

३. पॉइंटची अडचण नेमकी कोणती

पॉइंट हा यांत्रिक स्विच आहे. त्याच्या हाताला बसवलेला फायबरचा ठोकळा कॅमवर सतत घासतो आणि झिजतो. ठोकळा झिजला की पॉइंट पूर्वीइतके उघडत नाहीत आणि फट कमी होते. फट कमी झाली की पॉइंट उशिरा उघडतात आणि लवकर मिटतात, म्हणजे ड्वेल वाढतो. उशिरा उघडतात म्हणजे ठिणगीही उशिरा पडते.

याचे साधे गणित आहे. ड्वेल १ अंशाने वाढला तर त्यातला अर्धा अंश उघडण्याच्या बाजूला आणि अर्धा मिटण्याच्या बाजूला जातो. डिस्ट्रिब्यूटर क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. म्हणून डिस्ट्रिब्यूटरचा अर्धा अंश म्हणजे क्रँकचा १ अंश. थोडक्यात, ड्वेल १ अंश वाढला की टायमिंग क्रँकच्या १ अंशाने मागे पडते. गाडी वापरात असताना हे रोज थोडे थोडे घडत असते. गाडी ‘ओढत नाही’ अशी तक्रार येईपर्यंत ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

इलेक्ट्रॉनिक किट हीच अडचण दूर करते. पॉइंटच्या जागी त्यात एक संवेदक आणि ट्रान्झिस्टर असतात. बहुतेक किटमध्ये कॅमवर एक छोटी गोल बाही बसते, तिच्यात सिलिंडर जितके तितके चुंबक असतात. संवेदक हॉल परिणामावर चालतो. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये दाखवून दिले, की धारा वाहत असलेल्या वाहकावर काटकोनात चुंबकीय क्षेत्र लावले तर त्याच्या दोन कडांमध्ये विभवांतर निर्माण होते. चुंबक समोरून गेला की संवेदकाला तो जाणवतो आणि ट्रान्झिस्टर कॉइलची धारा तोडतो. घासणारा भाग नसल्यामुळे झीज नाही, आणि म्हणून ड्वेल व टायमिंग सरकत नाही.

पण किट काय करत नाही, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. ते फक्त स्विच बदलते. कॉइल, कॉइलला येणारी वायर, शाफ्टचे बुश, यांत्रिक आणि व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स, रोटर, कॅप, प्लगच्या वायरी हे सगळे जुनेच राहते. त्यांच्यात असलेला दोष किट बसवल्याने जात नाही. उलट जुन्या स्विचने निमूट सहन केलेली एखादी गोष्ट नव्या स्विचला मुळीच चालत नाही.

४. ऊर्जेचे गणित

कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा तुम्हाला माहीत आहे :

ऊर्जा = १/२ × इंडक्टन्स × (धारा)²

पण कॉइलमधली धारा एका क्षणात पूर्ण होत नाही. ती काल स्थिरांकानुसार वाढते :

काल स्थिरांक = इंडक्टन्स ÷ एकूण रोध

उदाहरणासाठी सोयीच्या किमती घेऊ. इंडक्टन्स ८ मिलिहेन्री, कॉइलचा रोध १.५ ओहम, वायरचा रोध १.५ ओहम, म्हणजे एकूण ३ ओहम, आणि विभवांतर १२ व्होल्ट. त्यामुळे :

- जास्तीत जास्त धारा = १२ ÷ ३ = ४ अ‍ॅम्पियर
- काल स्थिरांक = ८ ÷ ३ = सुमारे २.७ मिलिसेकंद

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. म्हणून सहा सिलिंडरमध्ये दर फेरीला ३ ठिणग्या पडतात. ड्वेल ३९ अंश धरला तर ६० पैकी ३९, म्हणजे ६५ टक्के वेळ कॉइल भरत असते.

- ६०० फेरे प्रतिमिनिट : सेकंदाला ३० ठिणग्या, भरण्यास २१.७ मिलिसेकंद, धारा जवळजवळ ४ अ‍ॅम्पियर, ऊर्जा ६४ मिलिजूल.
- २००० फेरे प्रतिमिनिट : सेकंदाला १०० ठिणग्या, भरण्यास ६.५ मिलिसेकंद, धारा सुमारे ३.६५ अ‍ॅम्पियर, ऊर्जा ५३ मिलिजूल.
- ४००० फेरे प्रतिमिनिट : सेकंदाला २०० ठिणग्या, भरण्यास ३.२५ मिलिसेकंद, धारा सुमारे २.८ अ‍ॅम्पियर, ऊर्जा ३२ मिलिजूल.

वेग वाढला की भरायला वेळ कमी मिळतो आणि ऊर्जा निम्म्यावर येते. ही मर्यादा कॉइलची आहे, स्विचची नाही. म्हणून ‘किट बसवले की ताकद वाढते’ या दाव्याकडे सावधपणे पाहा. ज्याचे पॉइंट आधीपासून नीट जुळवलेले आहेत, त्या इंजिनात फारसा फरक जाणवणार नाही. फरक जाणवेल तो दहा हजार किलोमीटरनंतर, कारण जुळवणी तशीच टिकलेली असेल.

५. वायरमध्ये लपलेला रोध

वरच्या उदाहरणात वायरचाच रोध १.५ ओहम धरला, हे वाचून तुम्ही थबकला असाल. साध्या तांब्याच्या वायरचा रोध इतका नसतो. या फोर्डमध्ये इग्निशन स्विचपासून कॉइलपर्यंत मुद्दाम रोध असलेली खास वायर टाकलेली आहे. बाहेरून ती इतर वायरींसारखीच दिसते. इतर काही गाड्यांमध्ये याच कामासाठी पांढऱ्या चिनी मातीचा ‘बॅलास्ट’ रोधक वेगळा बसवलेला दिसतो.

हा रोध कशासाठी? स्टार्टर फिरत असताना बॅटरी नऊ-दहा व्होल्टपर्यंत खाली येते आणि नेमकी तेव्हाच ठिणगी जोरदार हवी असते. म्हणून कॉइल कमी व्होल्टेजवर काम करणारी निवडली आहे. स्टार्टच्या वेळी स्टार्टर रिलेच्या ‘आय’ टर्मिनलवरून दुसऱ्या वायरने बॅटरीचे पूर्ण व्होल्टेज थेट कॉइलला दिले जाते. किल्ली ‘रन’वर आली की हा बायपास तुटतो आणि वीज रोध असलेल्या वायरमधून येते. त्यामुळे पॉइंट आणि कॉइल यांच्यावर जास्त धारेचा भार पडत नाही.

आता सुरुवातीच्या प्रसंगाचा उलगडा होतो. मालकाने किटची लाल वायर कॉइलच्या धन टोकाला जोडली होती. स्टार्टच्या वेळी तिथे बॅटरीचे पूर्ण व्होल्टेज होते, म्हणून इंजिन पेटले. किल्ली सोडताच पुरवठा रोधाच्या वायरमधून येऊ लागला. ट्रान्झिस्टरने कॉइल चालू केली की ४ अ‍ॅम्पियर धारा वाहते आणि वायरमध्येच ४ × १.५ = ६ व्होल्ट खर्च होतात. कॉइलच्या धन टोकाला उरतात ६. पॉइंटला याने काही फरक पडत नाही, कारण धातूच्या दोन तुकड्यांना चालायला व्होल्टेज लागत नाही. मॉड्यूलला मात्र स्वतःचे काम करण्यासाठी व्होल्टेज लागते, आणि ते त्याच्या गरजेपेक्षा कमी पडले की मॉड्यूल चुकते.

मालकाने मीटर लावला नव्हता असे नाही. त्याने किल्ली ‘रन’वर ठेवून कॉइलच्या धन टोकाला मीटर लावला आणि १२ व्होल्ट पाहून तो निश्चिंत झाला. चूक इथेच झाली. त्या वेळी स्विच उघडा होता, धारा वाहत नव्हती. धारा शून्य असेल तर ओहमच्या नियमाने वायरमधील व्होल्टेजची घटही शून्य. रोध असलेली वायर बिनभाराची मोजली तर निर्दोष दिसते. हे मोजमाप भार घालूनच घेतले पाहिजे.

६. काम सुरू करण्यापूर्वीची मोजमापे

जुने पॉइंट जागेवर असतानाच पुढील गोष्टी मोजा आणि वहीत लिहा. नंतर तुलनेसाठी हीच नोंद कामी येते.

१. बॅटरी : इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट, चालू असताना साधारण १४ व्होल्ट.

२. भाराखालील व्होल्टेज : किल्ली ‘रन’वर, पॉइंट बंद स्थितीत. कॉइलच्या धन टोकाला ६-७ व्होल्ट आले तर मार्गात रोध आहे. जवळजवळ पूर्ण १२ आले तर रोध आधीच कोणीतरी काढून टाकला आहे. मोजून झाल्यावर किल्ली लगेच बंद करा.

३. कॉइलचा रोध : दोन्ही वायरी सोडवून धन व ऋण टोकांमध्ये मोजा. अनेक साधी किट चार-सहा सिलिंडरसाठी किमान ३ ओहमची आणि आठ सिलिंडरसाठी किमान १.५ ओहमची कॉइल मागतात. आपल्या किटच्या कागदावर काय लिहिले आहे ते पाहा. असा फरक का, याचे उत्तर वेळेत आहे. आठ सिलिंडरमध्ये दर ठिणगीला ४५ अंशच मिळतात, तर सहामध्ये ६०. भरण्याचा वेळ जास्त मिळाला की धारा पूर्ण मूल्याला पोहोचून तिथेच राहते आणि उरलेला काळ नुसती उष्णता तयार होते.

४. शाफ्टचा खेळ : कॅप काढून शाफ्ट बोटांनी आडवा हलवून पाहा. हालचाल जाणवली तर बुश झिजले आहेत. अशा डिस्ट्रिब्यूटरमध्ये आधी बुश बदला, मग किट बसवा.

५. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स : नळीतून हवा ओढा. आतील प्लेट फिरली पाहिजे आणि नळी बोटाने बंद केल्यावर तिथेच थांबली पाहिजे. परत आली तर डायफ्राम फाटला आहे.

६. प्लेटचे अर्थिंग : ही प्लेट हलणारी असल्यामुळे तिला बॉडीशी जोडणारी एक छोटी विणलेली तार असते. ती तुटलेली असेल तर मॉड्यूलला अर्थ नीट मिळत नाही. प्लेट आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यातील रोध जवळजवळ शून्य आला पाहिजे.

७. ड्वेल आणि टायमिंग : सध्या किती आहे ते लिहून ठेवा.

७. प्रत्यक्ष बसवणी

बॅटरीचे ऋण टोक सोडवा. प्लगच्या वायरींना क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावा. या इंजिनाचा पेटण्याचा क्रम १-५-३-६-२-४ आहे आणि रोटर घड्याळाच्या दिशेने फिरतो. डिस्ट्रिब्यूटर इंजिनातून बाहेर काढू नका, या कामासाठी त्याची गरज नाही.

कॅप आणि रोटर काढा. पॉइंट व कंडेन्सरचे स्क्रू चुंबकी स्क्रूड्रायव्हरने काढा. स्क्रू प्लेटच्या छिद्रातून आत पडला तर डिस्ट्रिब्यूटर काढावाच लागेल, म्हणून प्लेटवर कापड पसरून काम करणे शहाणपणाचे. काढलेले पॉइंट आणि कंडेन्सर टाकून देऊ नका.

प्लेट पुसून स्वच्छ करा. रंग, गंज किंवा तेल राहिले तर अर्थिंग बिघडते. मॉड्यूल पॉइंटच्याच छिद्रांवर बसवा. चुंबकाची बाही कॅमवर पूर्ण खाली बसेपर्यंत दाबा. बाही आणि मॉड्यूल यांच्यातील फट किटसोबत आलेल्या प्लॅस्टिकच्या पट्टीने जुळवा. मॉड्यूलच्या वायरी बाहेर काढताना आत थोडी ढील ठेवा. प्लेट व्हॅक्यूमने फिरते, वायर ताठ असेल तर अ‍ॅडव्हान्स अडेल किंवा वायर तुटेल. वायर फिरत्या शाफ्टला लागणार नाही याचीही खात्री करा. मग रोटर आणि कॅप बसवा.

जोडणी : काळी वायर कॉइलच्या ऋण टोकाला. लाल वायरीला पूर्ण १२ व्होल्ट मिळाले पाहिजेत. त्यासाठी दोन मार्ग आहेत.

*पहिला मार्ग* : इग्निशन स्विचनंतर, पण रोधाच्या वायरीच्या आधी जोड घ्या. निवडलेली वायर ‘रन’ आणि ‘स्टार्ट’ या दोन्ही स्थितींत चालू असली पाहिजे. रेडिओसारख्या उपकरणांचा पुरवठा स्टार्टच्या वेळी बंद होतो. तिथून जोड घेतली तर स्टार्टर फिरत राहील, ठिणगी मात्र पडणार नाही. मदतनिसाला किल्ली ‘स्टार्ट’वर धरायला सांगून मीटरने खात्री करा.

*दुसरा मार्ग* : रिले वापरा. जुनी रोधाची वायर कॉइलवरून काढून फक्त रिलेचे चुंबक ओढण्यासाठी जोडा. कॉइल आणि मॉड्यूलला वीज बॅटरीवरून फ्यूज आणि रिलेच्या संपर्कांतून द्या. इथे प्रश्न पडेल : रोध तर अजूनही मार्गात आहे, मग रिले ओढला कसा जातो? रिलेच्या गुंडाळीचा रोध ८५ ओहम धरा. एकूण ८६.५ ओहम, म्हणून वायरमधील घट १२ × १.५ ÷ ८६.५ = सुमारे ०.२ व्होल्ट. ज्या वायरीने कॉइलचे ६ व्होल्ट खाल्ले, तीच रिलेचे जेमतेम ०.२ व्होल्ट खाते. व्होल्टेजची घट फक्त वायरीवर नव्हे, तर तिच्यातून वाहणाऱ्या धारेवर अवलंबून असते.

आता कॉइलचा विचार करा. मार्गातला रोध गेला आणि जुनी १.५ ओहमची कॉइल तशीच ठेवली, तर जास्तीत जास्त धारा १२ ÷ १.५ = ८ अ‍ॅम्पियर होईल. कॉइल आणि मॉड्यूल दोन्ही तापतील. म्हणून ३ ओहमची कॉइल बसवा. धारा पुन्हा ४ अ‍ॅम्पियरवर येईल. पूर्वी अर्धा रोध वायरीत होता, आता तो सगळा कॉइलमध्ये आहे.

प्लगच्या वायरी तांब्याच्या सरळ गाभ्याच्या असतील तर बदला. त्यांच्यातून निघणारे रेडिओ लहरींचे अडथळे मॉड्यूलला चकवतात. रेडिओ अडथळे कमी करणाऱ्या, कार्बनच्या किंवा सर्पिल गाभ्याच्या वायरी लावा.

८. टायमिंग पुन्हा जुळवणे

चुंबक आणि पॉइंट नेमक्या एकाच कोनात ठिणगी देत नाहीत. म्हणून किट बसवल्यावर टायमिंग पुन्हा जुळवावेच लागते. पुष्कळ जण ही पायरी गाळतात आणि मग किटला दोष देतात.

टायमिंग लाइट क्रमांक १ च्या वायरीला लावा. व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद करा. इंजिन गरम होऊ द्या आणि संथ वेगावर ठेवा. डिस्ट्रिब्यूटरचा बोल्ट थोडा सैल करून बॉडी फिरवा आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंशावर खूण आणा. रोटर घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणून बॉडी उलट दिशेने फिरवली तर चुंबक संवेदकासमोर लवकर येतो आणि टायमिंग पुढे जाते. बोल्ट आवळून पुन्हा एकदा तपासा. मग वेग वाढवून खूण पुढे सरकते का पाहा. सरकली तर यांत्रिक अ‍ॅडव्हान्स जिवंत आहे. शेवटी नळी पुन्हा जोडा.

सुरक्षितता : चालू इंजिनात पंख्याजवळ सैल कपडे, ओढणी, मीटरच्या वायरी येऊ देऊ नका. कॉइलच्या मधल्या टोकाला आणि प्लगच्या वायरींना हात लावू नका. काम हवेशीर जागेत करा. इंजिन बंद असताना किल्ली ‘रन’वर ठेवून विसरू नका. कॉइलमधून सतत धारा वाहत राहिली तर १२ × ४ = ४८ वॅट उष्णता तयार होते आणि कॉइल किंवा साधे मॉड्यूल जळू शकते.

९. लक्षणावरून कारण

- स्टार्टर फिरताना पेटते, किल्ली सोडताच अडखळते : लाल वायर रोधानंतर जोडली आहे.
- स्टार्टर फिरताना पेटत नाही, किल्ली सोडण्याच्या क्षणी एखादा ठोका देते : लाल वायरीला ‘स्टार्ट’ स्थितीत पुरवठा नाही.
- थंड असताना ठीक, तापल्यावर बंद, थंड झाल्यावर पुन्हा ठीक : कॉइलचा रोध कमी आहे किंवा अर्थिंग कच्चे आहे.
- वेग वाढवताना अधूनमधून ठोका चुकतो : प्लगच्या वायरी, कॅप किंवा मॉड्यूलच्या ताणलेल्या वायरी तपासा.
- टायमिंगची खूण लाइटमध्ये थरथरते : शाफ्टचे बुश झिजले आहेत.

१०. जुने पॉइंट गाडीतच का ठेवावेत

पॉइंट हळूहळू बिघडतात आणि आधी सूचना देतात. गाडी जड चालते, सुरू व्हायला वेळ घेते. रस्त्याच्या कडेला स्क्रूड्रायव्हर आणि पॉलिश पेपर एवढ्यावर ते तात्पुरते चालू करता येतात. मॉड्यूल वर्षानुवर्षे काही मागत नाही, पण बिघडते तेव्हा बहुधा एकदमच बिघडते आणि रस्त्यावर दुरुस्त होत नाही. म्हणून काढलेले पॉइंट, कंडेन्सर, फिलर गेज आणि जोडणीची आकृती एका डब्यात घालून गाडीत ठेवावी. डिस्ट्रिब्यूटर जागेवर असल्यामुळे अर्ध्या तासात जुनी प्रणाली परत बसते. कॉइल ३ ओहमची असल्याने पूर्ण १२ व्होल्टवरही पॉइंट सुरक्षित राहतात. पॉइंट नव्याने बसवल्यावर ०.०२५ इंच, म्हणजे सुमारे ०.६४ मिलिमीटर फट ठेवून घरापर्यंत येता येते. गावापासून दूर, रात्रीच्या वेळी अडकलेल्या माणसाला याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

सारांश

इलेक्ट्रॉनिक किट पॉइंटच्या झिजेमुळे सरकणारे टायमिंग थांबवते. ते कॉइलची ऊर्जा आपोआप वाढवत नाही आणि डिस्ट्रिब्यूटरचे इतर दोष झाकत नाही. पॉइंटला न लागणारी पण मॉड्यूलला हवीच असलेली गोष्ट म्हणजे भाराखालीही टिकणारा पूर्ण पुरवठा आणि पक्के अर्थिंग. म्हणून आधी मोजा, मग बसवा आणि शेवटी टायमिंग जुळवा.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. पॉइंट उघडे असताना कॉइलच्या धन टोकाला १२ व्होल्ट आणि बंद असताना ६ व्होल्ट का येतात? आकृती काढून स्पष्ट करा.
२. चार सिलिंडरच्या इंजिनात ३००० फेऱ्यांना सेकंदाला किती ठिणग्या पडतात? ड्वेल ६० अंश असेल तर कॉइल भरण्यास किती वेळ मिळतो?
३. पॉइंटची फट वाढली तर ड्वेल आणि टायमिंग यांवर काय परिणाम होईल?
४. १.५ ओहमची कॉइल रोधाविना १२ व्होल्टला जोडली आणि इंजिन बंद ठेवून स्विच चालू राहिला, तर किती वॅट उष्णता तयार होईल?
५. तुमच्या परिसरातील जुन्या पेट्रोल गाडीच्या मेकॅनिकला भेटा. पॉइंटची फट ते कशी जुळवतात ते पाहा आणि त्या पद्धतीचे या पाठातील गणिताशी नाते एका पानात लिहा.